ब्रेकवरचा पाय हलवू नका

शोरूममध्ये हल्ली मायलेजच्याही आधी ‘आडास’चा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा, विषय निघतो. पडद्यावर फिल्म लागते. रिकामा रस्ता, ठसठशीत पांढरे पट्टे, लख्ख ऊन आणि चालकाचे हात चक्क मांडीवर. ‘साहेब, हायवेवर गाडी आपली आपण चालते,’ असं सेल्समन बिनदिक्कत सांगतो. हे साफ खोटं आहे आणि अशा खोट्यापायी माणसं मरतात.

आपल्याकडे विकल्या जातात त्या यंत्रणा फार तर ‘लेव्हल टू’ आहेत. गाडी स्टिअरिंग सांभाळायला आणि वेग कमी-जास्त करायला हातभार लावते, पण रस्त्यावर नजर ठेवायचं काम सर्वस्वी चालकाचं. यात ‘पण’, ‘परंतु’ काही नाही.

यंत्र टाकाऊ आहे, असं माझं म्हणणं मुळीच नाही. आपोआप लागणारा ब्रेक ही मोठी सोय आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेला असं आढळलं, की पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात अशा ब्रेकमुळे जवळपास निम्मे होतात. मात्र याच संस्थेने २०२४ साली लेव्हल टूच्या १४ यंत्रणा तपासल्या, तेव्हा चालकाचं लक्ष रस्त्यावर राखण्याच्या बाबतीत त्यांतल्या ११ यंत्रणांना सर्वांत खालचा शेरा मिळाला. म्हणजे ब्रेक कामाचा, पण चालक गाफील झाला तर त्याला जागं करण्यात बहुतेक यंत्रणा कच्च्या.

आता आपल्या रस्त्यावर या. उसाचा हंगाम, रात्रीची वेळ. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पंक्चर झाली म्हणून ट्रॉली अर्धी रस्त्यावर उभी, आणि खूण म्हणून मागे चार दगड. तुम्ही अॅडॅप्टिव्ह क्रूझवर, म्हणजे पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप राखणाऱ्या सोयीवर, ताशी १०० ठेवून एका गाडीच्या मागे आहात. त्या गाडीवाल्याला ट्रॉली दिसते आणि तो ऐनवेळी बाजूला सरकतो. तुमच्या गाडीच्या लेखी पुढचा रस्ता मोकळा झाला, म्हणून ती उलट वेग वाढवू शकते. गाडीच्या रडारला रस्त्याकडेचे खांब, पाट्या, कठडे सतत जाणवत असतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर प्रवासच व्हायचा नाही. म्हणून वेगात असताना उभ्या वस्तूंकडे बऱ्याच यंत्रणा काणाडोळा करतात. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. मोबाइलवरून मान वर करेपर्यंत सगळा खेळ आटोपलेला असतो.

ही नुसती कल्पना नाही. जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत हेच घडलं. ‘ऑटोपायलट’ या लेव्हल टू यंत्रणेवर चाललेल्या टेस्लापुढची गाडी लेन बदलून निघून गेली, टेस्लाने वेग वाढवला आणि ती उभ्या अग्निशमन गाडीवर जाऊन आदळली. तिथे सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्याआधी, मे २०१६ मध्ये, फ्लोरिडात रस्ता ओलांडणारा ट्रेलर ना ऑटोपायलटने हेरला, ना चालकाने. ब्रेक लागलाच नाही आणि चालकाचा जीव गेला. तिथले रस्ते आखीव-रेखीव. आपल्याकडे डायव्हर्जनवर जुने आणि नवे पट्टे शेजारी शेजारी असतात, उलट्या दिशेने दुचाकी येते, घाटात पट्टे कधीच पुसून गेलेले असतात. आणि असल्या रस्त्यावर लोक हात स्टिअरिंगवर आहेत असं यंत्राला भासवायला तिथे पाण्याची बाटली बांधून रील काढतात! त्यांच्यावर गुन्हाच दाखल व्हायला हवा.

बरं, विक्रीनंतरचं कोण सांगतं? आरशामागचा कॅमेरा काचेतून बघतो. दगड लागून काच फुटली आणि गल्लीतल्या काचवाल्याकडून नवी बसवली, की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. न करता गाडी चालवली तर पट्टा एकीकडे आणि गाडीचा समज भलतीकडे. बंपरवर हौसेने गार्ड लावला, तर रडार आंधळं होऊ शकतं.

भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीच्या ताऱ्यांवर लोक विसंबतात. पण २०२३ साली सुरू झालेल्या त्याच्या पहिल्या नियमावलीत आडासच्या कामगिरीला गुण नाहीत. पाच तारे मिळाले म्हणून त्या गाडीचा ब्रेक उभी ट्रॉली ओळखेल, असा अर्थ काढू नका. सरकारने आडासची चाचणी सक्तीची करावी, आणि तीही आपल्या रस्त्यांवरच्या दुचाकी, बैलगाड्या, ट्रॉल्या समोर उभ्या करून.

तोवर एवढं करा. डिलिव्हरीच्या दिवशी हार घातलेल्या गाडीसोबत फोटो काढण्याआधी मॅन्युअल उघडा. ‘या परिस्थितीत यंत्रणा काम करणार नाही’ अशी यादी त्यात असते, आणि चांगली लांबलचक असते. ती सेल्समनला तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला लावा. घरात जे जे गाडी चालवतात, त्या सगळ्यांना ती ऐकू द्या. तो टाळाटाळ करायला लागला, तर किल्ली घेऊ नका.