सोसायटीची वेधशाळा

पुण्याची सरकारी वेधशाळा शिवाजीनगरला आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून तिथे आलं, म्हणून त्या चौकाला आजही शिमला ऑफिस म्हणतात. खाजगी वेधशाळा मात्र प्रत्येक सोसायटीत असते. ती बहुधा निवृत्त असते, तिसऱ्या मजल्यावर राहते आणि सगळे तिला काका म्हणतात. आमच्या पाषाणातल्या काकांच्या मते शिवाजीनगरचं ऑफिस ही त्यांच्या गॅलरीची एक शाखा आहे.

त्यांना सरळ प्रश्न विचारू नये. "काका, गच्चीवर कुरडया घालू का?" असं कुणी विचारलं की काका मुळशीच्या दिशेला तोंड करतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "बंगालच्या उपसागरात काहीतरी शिजतंय."

"म्हणजे घालू की नको?"

"आर्द्रता बघावी लागेल."

तोवर ऊन उतरलेलं असतं.

पावसाच्या मोजमापासाठी काकांनी शीतपेयाची बाटली कापून गच्चीवर ठेवली आहे. पर्जन्यमापक भिंती-झाडांपासून लांब, मोकळ्या जागी असावा, हे त्यांना पाठ आहे. पण मोकळ्या जागी सोसायटीच्या गाड्या लागतात, म्हणून बाटली पाण्याच्या टाकीशेजारी आहे. एका फेब्रुवारीत तिच्यात सकाळी चक्क ७० मिलिमीटर पाणी निघालं. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की खातं त्याला मुसळधार पाऊस म्हणतं. टाकी रात्रभर वाहत होती, हे वॉचमनने सांगितल्यावर काकांनी वहीतली नोंद खोडली नाही. पुढे फक्त 'स्थानिक कारण' असं लिहिलं.

हिशेब सकाळी साडेआठचा. त्या वेळेपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा आणि तो किमान २.५ मिलिमीटर भरला तरच तो 'पावसाचा दिवस'. आदल्या दिवशी शाळेतून चिंब होऊन आलेल्या पोरांना काका जिन्यात अडवून सांगतात, "बाटलीत दोनच मिलिमीटर आहे. काल पावसाचा दिवस नव्हता." पोरं शिंकत शिंकत मान डोलावतात.

एक मान्य करायला हवं: माणसाला विषय कळतो. गेल्या मे महिन्यात एका लग्नात वळीव कोसळला. मंडप फुगला, मठ्ठ्यात पाणी गेलं, आचारी जिलबीची परात डोक्यावर घेऊन पळाला. काका वधूपित्याच्या शेजारी शांत उभे. "हा मान्सून नव्हे बरं का. जमीन तापते, गरम हवा वर जाते, समुद्राकडून बाष्प आलेलं असतं. मग दुपारभरात दहा-बारा किलोमीटर उंच ढग उभा राहतो. वर पाण्याचा बर्फ होतो, म्हणून गारा. तासाभरात संपेल." पाऊस पाऊण तासात थांबला. वधूपिता काकांशी आजही बोलत नाही, पण विवेचनात चूक नव्हती.

ऑक्टोबरात लोक उकाड्याने कातावतात तेव्हा काका आनंदात असतात. मान्सून परतला, आकाश निवळलं, ऊन थेट आलं. जमिनीत ओल आहे, म्हणून हवा दमट, म्हणून घाम वाळत नाही. एवढं सांगेपर्यंत ऐकणाऱ्याचा शर्ट पाठीला चिकटलेला असतो, त्यामुळे वेगळ्या प्रात्यक्षिकाची गरज पडत नाही. थंडीत हे ज्ञान घरगुती राजकारणाला लागतं. काकांचे मेहुणे मगरपट्ट्याला राहतात. रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात उतरते आणि दाट वस्तीतलं सिमेंट दिवसाची ऊब धरून ठेवतं, म्हणून पाषाणचा पारा मगरपट्ट्याच्या बराच खाली असतो. काका या फरकाकडे कर्तबगारी म्हणून बघतात. डिसेंबरात पहाटे साडेसहाला मेहुण्यांचा फोन वाजतो.

पण काकांची खरी परीक्षा ऑरेंज अलर्टच्या दिवशी. शाळांना सुट्टी आणि पाषाणात टिपूस नाही. सेक्रेटरी ग्रुपवर लिहितात, 'वेधशाळेने सांगितलं, आता छत्र्या घरी ठेवा.' एरवी शिवाजीनगरला नावं ठेवणारे काका तेव्हा पेटून उठतात. इशारा जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या गॅलरीसाठी नाही! लोणावळाही पुणे जिल्ह्यात आणि दौंडही. सह्याद्रीला धडकून ढग वर चढतात, तिथेच रिकामे होतात. लोणावळ्यात धबधबे असताना दौंडला धूळ उडते. आणि मुंबईचं काय? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, त्याच शहरात कुलाब्याला ७५सुद्धा नाही! हे सगळं काका एकाच मेसेजात, पूर्णविराम न देता लिहितात. माझ्या मते यात त्यांचंच बरोबर आहे. सेक्रेटरी अंगठा दाखवून मोकळे होतात.

काकांना एकच प्रतिस्पर्धी आहे आणि ती घरातच आहे. काकू पंचांग बघतात. मृगाचं वाहन बेडूक, म्हैस की कोल्हा, एवढ्यावर त्यांचा पावसाळा ठरतो. काका या पद्धतीला हसतात. पण वारा फिरला की काकू मुकाट्याने उठून दोरीवरचे कपडे काढतात, आणि ते पाहून खालचे सगळे मजले आपापले कपडे काढतात. त्या वेळी काका आत मोबाइलवर उपग्रहाचं चित्र मोठं करून बघत असतात.

तेव्हा नवीन राहायला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: वाळवण कधी घालायचं ते काकूंना विचारा, पाऊस का पडला ते काकांना. आणि काकांना विचारायचं असेल तर सकाळी साडेआठनंतरच जा. त्याआधी ते बाटलीपाशी असतात आणि कुणाला ओळख देत नाहीत.