वीस भरले तर इलेक्टिव्ह

एम.सी.ए.चं पहिलं वर्ष संपत आलं की आमच्या विभागात एक फॉर्म फिरतो. त्यावर इलेक्टिव्हची नावं असतात आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ : किमान वीस विद्यार्थी नसल्यास विषय चालवला जाणार नाही. विद्यार्थ्यांना वाटतं, हा त्यांच्या भवितव्याचा फॉर्म आहे. तळाची ओळ वाचणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना माहीत असतं, तो आमच्या भवितव्याचा आहे. वीस भरले तर आपला विषय आपल्याकडे, नाहीतर एच.ओ.डी. देतील तो. आणि एच.ओ.डी. हमखास 'कम्युनिकेशन स्किल्स' देतात.

त्यामुळे त्या आठवड्यात स्टाफरूमला निवडणुकीची कळा येते. 'विषयाची ओळख' या गोंडस नावाखाली प्रत्येकाला वर्गात दहा मिनिटं प्रचाराला मिळतात. सायबर सिक्युरिटीचे सर यात मुरलेले. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्याच एका सहकारी बँकेवर हल्ला झाला, बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि बघता बघता 94 कोटींच्या घरात रक्कम गेली, ही हकिकत ते अशी रंगवतात की शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा मोबाइल खाली ठेवतो. त्या मुलाला हॅकर पकडायचे आहेत की व्हायचं आहे, याची चौकशी सर करत नाहीत. मत ते मत. क्लाउडच्या मॅडम सर्टिफिकेशन आणि पॅकेज यापलीकडे बोलतच नाहीत, आणि निवडून येतात. कंपायलरचे सर मात्र फार सरळ. "विषय अवघड आहे, पण पाया पक्का होईल," म्हणतात. पाया पक्का होण्याच्या आमिषाला आजवर कोणी भुललेलं नाही.

मी डेटाबेसवाली. एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल मांडलं, पण ते ज्या आयबीएममध्ये नोकरीला होते तिथेच त्याचं घोडं अडलं. जुन्या पद्धतीच्या डेटाबेसवर कंपनीचा धंदा छान चालू होता ना! शेवटी 1979 मध्ये ओरॅकलने तसला डेटाबेस बाजारात आणून आधी नाव कमावलं. माझ्या मते यात भाऊबंदकीच्या कादंबरीचा ऐवज आहे. मी तो जीव तोडून सांगते आणि पहिल्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, हे बी.सी.ए.ला झालंय."

मग मी एक युक्ती शिकले. विषय तोच ठेवून नाव बदलायचं. डेटाबेसचं 'डेटा मायनिंग' केलं, वीस भरले. पुढे 'बिग डेटा' आला. त्या दिवसांत हडूपचा बोलबाला होता. ते घडवणाऱ्या डग कटिंग यांच्या मुलाकडे एक पिवळा हत्ती होता, खेळण्यातला. त्याचंच हे नाव. पुण्यात हत्तीचं बोधचिन्ह असलेल्या विषयाला विद्यार्थी कमी पडतील काय? नंतर 'डेटा सायन्स'. 2012 मध्ये हार्वर्डच्या व्यवसायविषयक मासिकाने डेटा सायंटिस्टची नोकरी या शतकातली सगळ्यात आकर्षक ठरवून टाकली होती (मूळ विशेषण आमच्या सूचनाफलकावर लावण्यासारखं नव्हतं). दर वेळी मी पहिली स्लाइड तेवढी बदलली. आतले तक्ते, किल्ल्या, जॉइन जागच्या जागी. कोणी तक्रार केली नाही, कारण तिथपर्यंत कोणी जागं नसे.

विद्यार्थी इलेक्टिव्ह कशावर निवडतात, हा खरं तर पीएच.डी.चा विषय आहे. "मॅडम, स्कोअरिंग कुठला?" हा मूळ प्रश्न. त्यानंतर ओरलला एक्स्टर्नल कोण येतात, शनिवारी लेक्चर पडतं का आणि डिफॉल्टर लिस्ट खरंच लावतात का. एका फ्लॅटवर राहणारी मुलं डोळे झाकून एकच इलेक्टिव्ह घेतात, म्हणजे असाइनमेंट एकानेच लिहावी लागते. अभ्यासक्रम वाचून आलेला विद्यार्थी मला एकदाच भेटला. तो चुकून दुसऱ्या विद्यापीठाचा वाचून आला होता.

गेली काही वर्षं मात्र कोणी काही विचारत नाही. चॅटजीपीटी आल्यापासून फॉर्म हातात पडायच्या आत ए.आय.वर खूण झालेली असते. "ए.आय.मध्ये गणित नसतं ना?" हे तेवढं खूण केल्यानंतर विचारतात. मी म्हणते, "मॅट्रिक्स आणि डेरिव्हेटिव्ह." यावर मुलं अशी हसतात जणू मी विनोद केला. बारावीला ज्या गोष्टींना रामराम ठोकून ही मंडळी कॉमर्सकडून वळसा घालत इथवर पोचली, त्याच न्यूरल नेटवर्कच्या पोटात बसल्या आहेत, हे त्यांना पहिल्या युनिट टेस्टला कळतं.

आणि या विषयाला तरी कायम असे दिवस होते का? फ्रँक रोझेनब्लाट यांचा पर्सेप्ट्रॉन 1958 चा. सुरुवातीला कौतुक झालं. 1969 मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी अख्खं पुस्तक लिहून त्याच्या मर्यादा दाखवल्या, आणि न्यूरल नेटवर्कवर काम करणाऱ्यांकडे लोक दयेने बघू लागले. तरी जेफ्री हिंटन यांच्यासारखी चार डोकी तिथेच ठाण मांडून बसली. 2024 मध्ये हिंटन यांना नोबेल मिळालं, तेही भौतिकशास्त्राचं. ते आमच्या विभागात असते तर वीस भरले नसते आणि ते 'कम्युनिकेशन स्किल्स' शिकवत निवृत्त झाले असते.

यंदा एका पालकांचा लासलगावहून फोन आला. "मॅडम, पोरगं म्हणतंय ए.आय. घेतो. किती जणांनी लावलंय?"

"साठातल्या बावन्न जणांनी."

"मग भाव पडणार," ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडं एका साली कांद्याला भाव भेटला का दुसऱ्या साली अख्खं शिवार कांदा लावतं. मग ट्रॅक्टरचं भाडंबी निघत नाही."

माझी आशा पालवली. "मग त्याला डेटाबेस घ्यायला सांगा ना. सध्या लागवड कमी आहे."

"नको मॅडम, ए.आय.च द्या," ते म्हणाले. "मीबी कांदाच लावलाय यंदा."

कॅम्पस इंटरव्ह्यूचा प्रकार आणखी वेगळा. स्पेशलायझेशन काहीही असो, समोरचा विचारतो तो प्रश्न वर्षानुवर्षं एकच : कर्मचाऱ्यांच्या तक्त्यातून दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधणारी क्वेरी लिहा. ए.आय.वाला अडखळतो, क्लाउडवाला अडखळतो, सिक्युरिटीवाला तर पगारापर्यंत पोचायला पासवर्ड मागतो. आमचा मागच्या बॅचचा ए.आय.चा टॉपर एका मोठ्या कंपनीत लागला. कंपनीने त्याला अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या सपोर्ट प्रोजेक्टवर बसवलं, आणि तिथे काय चालतं, तर कोबॉल. जिची आखणी 1959 मध्ये झाली ती भाषा. वर्ष 2000 च्या घोळात कोबॉल येणाऱ्यांना सोन्याचा भाव होता, नंतर कुत्रं विचारेना, आणि आता जाणकार निवृत्त होत चालल्याने पुन्हा विचारणा सुरू आहे. पोरगा रात्रपाळीत खूश आहे. आसपास सगळे साठीचे, त्यामुळे टीममध्ये त्याचे फार लाड होतात.

यंदाचा निकाल सांगायचा तर कंपायलरला तीन, मला पाच. क्लाउड आणि सिक्युरिटीचं खातंही उघडलं नाही. क्लाउडच्या मॅडमनी फेरमोजणी मागितली. बावन्न मुलं एका लॅबमध्ये मावेनात म्हणून ए.आय.च्या दोन डिव्हिजन कराव्या लागल्या, आणि एच.ओ.डी. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, बी डिव्हिजनला ए.आय. घ्याल ना? नाहीतर कम्युनिकेशन स्किल्स आहेच."

पहिल्या लेक्चरला मी पहिली स्लाइड बदलून गेले. दुसऱ्या स्लाइडवर तक्ता आला, तिसऱ्यावर प्रायमरी की. पहिल्या बाकावरून हात वर झाला.

"मॅडम, हे तर डेटाबेस आहे."

"ए.आय.ला डेटा लागतो की नाही?"

"लागतो."

"मग लिहून घे."