लॉनचा रब्बी हंगाम

आमच्या भागात 'लॉन्स' पुष्कळ आहेत, गवतच काय ते शोधावं लागतं. लग्नपत्रिकेवर ठळक अक्षरात अमुक लॉन्स, तमुक लॉन्स छापलेलं असतं. आत शिरलं की फरशी, पत्र्याचं छत, डीजे आणि स्टेजपुढे अंथरलेली हिरवी मॅट. मॅटला पाणी लागत नाही, खत लागत नाही आणि वरणभात सांडला तर पाईप लावून धुता येते. माझ्या घरापुढच्या लॉनला यातलं एकही सुख नाही, कारण ते खरं आहे.

खरं म्हणजे हरळीचं. आमच्या माजलगावच्या काळ्या मातीत हरळी लावायची नसते, ती येतेच. शेतकरी तिच्या मुळ्या खणखणून बांधावर फेकतो आणि ती बांधावरून परत शेतात उतरते. खोड जमिनीखालूनही धावतं, वरूनही धावतं, पेरापेराला मुळं फुटतात. कुदळीने दोन तुकडे केले की दोन हरळ्या होतात. शिवाय गणपतीत तिच्याच एकवीस दूर्वांची जुडी वाहायची असते. असल्या वनस्पतीशी वैर कोण धरणार? मी तिला पाणी घातलं, कात्री लावली आणि लॉन म्हणायला लागलो. मे महिन्यात पारा 42च्या पुढे गेला तरी ती मागे सरत नाही. फक्त डिसेंबर-जानेवारीत, सिंदफणा नदीकडून गार वारा सुटला की मलूल होऊन पिवळी पडते आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा काळजीने विचारतो, "पाणी देत नाही वाटतं?"

हे पिवळेपण भाच्याने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. तो अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात असतो. त्याच्या दारात फेस्क्यू नावाचं थंडीप्रेमी गवत आहे आणि त्यात घुसलेला शत्रू आहे बर्म्युडा, म्हणजे आमची हरळीच. उन्हाळ्यात त्याचं फेस्क्यू मान टाकतं आणि हरळी माजते. हिवाळ्यात हरळी वाळते आणि फेस्क्यू टवटवीत. बाराही महिने अर्धं लॉन हिरवं, अर्धं कडब्याच्या रंगाचं. त्यावर सोसायटीची पत्रं येतात.

"मामा, तुम्ही हरळीवर रायग्रास पेरा," तो म्हणाला. "ऑगस्टाला मास्टर्स गोल्फ होतं ना, तिथल्या फेअरवेवर हेच करतात. खाली बर्म्युडा, वर राय." विम्बल्डनच्या कोर्टांवर तर 2001 पासून नुसतं रायग्रासच असतं, ही माहितीही त्याने दिली. माझ्या दारात फेडरर येणार नव्हता, पण बायकोला कल्पना आवडली. विषय संपला.

एका जमिनीवर दोन गवतं म्हणजे सातबाऱ्यावर दोन भावांची नावं. थोरल्या पातीला जे हवं तेच धाकट्या पातीला नको. हरळीला कात्री बुटकी हवी, इंच-दीड इंचाची. फेस्क्यूला तीन-चार इंच उंची लागते. हरळीला खत पावसाळ्याच्या तोंडाशी, थंडीवाल्यांना दिवाळीनंतर. हरळी सत्तावीस ते पस्तीस अंशांत फोफावते, राय-फेस्क्यू मंडळींना पंधरा ते चोवीस मानवतात. एकाची मर्जी राखावी तर दुसरा रुसतो, आणि वैतागून तणनाशक आणावं तर दुकानातलं सगळं जाळणारं औषध दोन्ही वाटण्या सारख्याच करून टाकतं.

बागेत काम करणारे आबा रायची पिशवी हातात घेऊन बराच वेळ बी चोळत होते. मग म्हणाले, "मालक, हे गव्हाच्या भावकीतलं दिसतंय. दिवाळी झाल्यावर टाका. शिमग्यानंतर ह्याची आशा धरू नका."

आबांनी भाच्याचं अख्खं शास्त्र तीन वाक्यांत उरकलं. हरळी, ऊस, बाजरी, मका ही उन्हात चांगली कमाई करणारी जात. पानातली कर्बवायू धरायची त्यांची यंत्रणाच वेगळी. राय, फेस्क्यू आणि गहू दुसऱ्या घराण्यातले, कडक उन्हात त्यांची बरीच कमाई वाया जाते. म्हणून आपण बाजरी जूनमध्ये पेरतो आणि गहू नोव्हेंबरात. मे महिन्यात गहू का हिरवा नाही, असं माजलगावात कोणी विचारत नाही. त्याच माणसाने घरापुढे लॉन केलं की मात्र त्याला बारमाही हिरवं पाहिजे असतं.

त्यात पाणी. जायकवाडीच्या उजव्या कालव्यातून आमच्या धरणात किती आलं, यावर इथे चहाच्या टपऱ्या चालतात. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि मैदानांवरच्या पाण्यावरून आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने हायकोर्टाने राज्याबाहेर घालवले. तेव्हा एप्रिलात रायला नळी लावून उभं राहणाऱ्या माणसाकडे गल्ली कशी बघेल, याचा अंदाज मला आहे.

आमचा कारभार आता ठरलेला आहे. हरळी खरिपाची आणि उन्हाळ्याची मालकीण, राय रब्बीची पाहुणी. नोव्हेंबरात हरळी भुईसपाट कापायची, बी फेकायचं, आठवड्याभरात कोंब. मार्चमध्ये राय करपायला लागली की नळी बंद, आणि शेजाऱ्याच्या शेळीला आमंत्रण.

भाच्याचं भांडण मात्र मिटेना. बर्म्युडा कसा काढू, असं त्याने विचारलं तेव्हा आबांनी फोन स्वतःकडे घेतला. "काढायलाव कशाला? गणपतीत इका की!" पोराला पटलं. तिकडेही गणपती ऑगस्ट-सप्टेंबरातच येतात आणि तेव्हा बर्म्युडा ऐन भरात असतो. यंदा त्याने ओळखीच्या मराठी घरांना जुड्या पोचवल्या आणि सोसायटीला लेखी कळवलं की हे तण नसून पूजासाहित्य आहे. सोसायटीचं उत्तर आलंय : हरकत नाही, पूजासाहित्याची उंची चार इंचांच्या वर जाऊ देऊ नये.