आमच्याकडं असतंय

आमच्या गल्लीत टायगर नावाचं एक कुत्रं आहे. ते नानांचं आहे. म्हणजे रात्री चोरट्यावर भुंकलं की नानांचं, आणि कुणाच्या नव्या चपलेचा अंगठा खाल्ला की गावाचं. या बाबतीत नानांचं व्याकरण पक्कं आहे. "आमचा टायगर" हा प्रयोग कौतुकासाठी राखीव. तक्रार घेऊन गेलं की तोच टायगर "ते कुत्रं" होतो. फारच ताणून धरलं तर नाना म्हणतात, "आमचं नाही ओ ते, आमच्याकडं असतंय."

असे नाना बीड जिल्ह्यात गल्लीला एक तरी निघतील. आमचं गाव तालुक्याचं, म्हणून आमच्या गल्लीत दोन आहेत. दुसऱ्यांकडं वळू असतोय, तो विषय वेगळा.

संध्याकाळी ओट्यावर बसून नाना तंबाखू मळत असतात. गल्लीच्या तोंडाशी एखादी स्कूटी वळते, टायगर उठतो, स्कूटीवाला दोन्ही पाय उचलून हँडलच्या उंचीवर घेतो आणि तसाच सर्कशीतल्यासारखा जातो. नाना चुन्याचं बोट न थांबवता ओरडतात, "काही करत नाही ते! पळवू नका, त्याला वाटतंय खेळायलेत!" कुणी थांबलंच, तर म्हणतात, "थांबू नका, त्याला वाटतंय मारायलेत!" पळायचं नाही आणि थांबायचंही नाही, तर मधलं नेमकं काय करायचं, हे नानांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बांधा म्हटलं की नाना आधी अध्यात्मात शिरतात. "दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, सर. एकाच्या तरी गळ्यात साखळी बघितली का?" नाही बघितली. पण ती पायाशी असतात, नाना. नामदेव महाराजसुद्धा कुत्र्याच्या मागं तुपाची वाटी घेऊन धावले होते. आमच्या गल्लीत सगळे पुढं धावतात, एवढाच काय तो फरक.

अध्यात्म पुरलं नाही की नाना माजलगावला जातात. 2021 च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातलं लऊळ जगभरच्या बातम्यांत गेलं होतं. माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेत होती आणि पिल्लं वरून पडून मरत होती. अडीचशेचा आकडा सगळीकडं फिरला. आम्हाला तो तेव्हाही जरा फुगलेला वाटला होता, पण आपल्या जिल्ह्याचं नाव परदेशात छापून आलंय म्हटल्यावर कमी कोण करणार? शेवटी वनखात्यानं दोन माकडं पकडून नेली. या सगळ्यातून नानांनी एकच बोध घेतला. "बांधलेलं असलं तर पळंल कसं? कामून बांधू?" टायगरचं वजन तेव्हाच पंचवीस किलोच्या पुढं होतं.

2025 च्या ऑगस्टात मात्र आम्हाला जरा आशा वाटली होती. 11 तारखेला सुप्रीम कोर्टानं दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. दिल्ली कुठं, आम्ही कुठं. पण नानांनी बातमी बघितली आणि दुसऱ्या दिवशी टायगरच्या गळ्यात लाल पट्टा आला. "मोकाट नाही ओ, घरचं आहे." 22 तारखेला कोर्टानं आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथली तिथं सोडा. पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी सोडू नका. पट्टा गेला. तो आता त्यांच्या वासराच्या गळ्यात आहे.

दसऱ्यानंतर एका सकाळी दूध आणताना टायगरनं माझी पोटरी धरली. मी ओरडलो. नाना आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "चावलं नाही, सर. दात लागला."

काकू मिरचीपूड घेऊन आल्या, जखमेत भरायला. आमच्या हिनं त्यांना दारातच थोपवलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं असतं, हे तिला ठाऊक. पण त्या दिवशी नळाचा वार नव्हता. शेवटी ती रांजणातून तांब्या-तांब्यानं पाणी ओतत राहिली. पायापेक्षा पाणी संपायची काळजी मला जास्त.

नानांनीच मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं. वाटेत धीरही दिला, "आता पहिल्यासारखी पोटात चौदा नसतात." खरं आहे. आता दंडाला असतात. आज, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सिस्टरनं वहीतून मान वर न काढता विचारलं, "पाळीव का मोकाट?" मी नानांकडं बघितलं. नानांनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मोकाट."

घरी येऊन मी त्यांना कायदा ऐकवला. भारतीय न्याय संहिता, कलम 291. ताब्यातल्या प्राण्याबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नानांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग शांतपणे म्हणाले, "ताब्यातला म्हणलंय ना? माझ्या ताब्यात असतं तर तुमाला चावलं असतं का?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शिवाय त्यांनी "चावलं" हा शब्द पहिल्यांदाच वापरला होता. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

खरा घोळ पुढं झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. पण लक्ष ठेवायला कुत्रं दिसायला पाहिजे. नाना म्हणायचे, "असंल कुठंतरी." मग मीच शिळी भाकरी घेऊन रोज संध्याकाळी लंगडत निघायचो. एक दिवस ते मटणाच्या दुकानामागं सापडलं, एक दिवस बसस्टँडवर. चौथ्या दिवशी कुठंच नव्हतं. अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या वस्तीवर दिसलं. माणसं ऊसतोडीला गेलेली, दाराला कुलूप, चूल पावसानं अर्धी विरघळलेली. त्या घरचं एक म्हातारं कुत्रं उंबऱ्याला हनुवटी टेकून पडलं होतं आणि टायगर त्याच्याशेजारी बसला होता. मी भाकरीचे दोन तुकडे केले. टायगरनं आपला खाल्ला. दुसऱ्याच्या तुकड्याला मात्र त्यानं तोंड लावलं नाही, हे मी नानांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर लगेच "आमचा टायगर" झाला असता.

दहाव्या दिवशी टायगर ठणठणीत होता. अकराव्या दिवसापासून तो भाकरीच्या वेळेला माझ्याच दारात येऊन बसायला लागला. आता रात्रीही तिथंच असतो.

परवा सकाळी नाना आले, हातात चपलेचा एक जोड. डाव्या चपलेला अंगठा नव्हता.

"सर," ते म्हणाले, "जरा बांधत जा ओ त्याला."