दाखवायचे दात, खायचे दात

पुण्याहून मोटरसायकलने लेहला निघणाऱ्या माणसाचा प्रवास निघायच्या दोन महिने आधी, गॅरेजच्या बाकड्यावर बसल्या बसल्या सुरू होतो. घरच्यांना वाटतं, हा थर्मल, औषधं आणि परवान्यांच्या काळजीत आहे. हा काळजीत असतो दातांच्या. पुढच्या स्प्रॉकेटचे किती, मागच्याचे किती, आणि त्यांच्यावरून फिरणाऱ्या चेनच्या कड्या किती. बाकी गाडीत आपल्याला काहीच कळत नसतं, त्यामुळे जे मोजता येतं ते मोजण्यात मन रमतं. मी स्वतः त्याच जातीचा हिशेबी माणूस असल्यामुळे या लेखात हिमालय कमी आणि भागाकार जास्त आहेत, हे आधीच सांगून टाकतो. उदाहरणाला रॉयल एनफिल्डची ४११ सीसी हिमालयन घेऊ, कारण त्या रस्त्यावर ती मॅगीइतकीच सर्वत्र सापडते. कंपनीने तिला पुढे १५ आणि मागे ३८ दात दिलेत. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट २.५३ वेळा फिरतं. हा आकडा वाढवला की पिकअप वाढतो आणि टॉप जातो, घटवला की उलट. सगळा वाद एवढ्याचाच.

हत्तीप्रमाणे मोटरसायकललाही दाखवायचे आणि खायचे दात वेगळे असतात. मागचं स्प्रॉकेट उघड्यावर, सोनेरी किंवा लाल रंगात मिळणारं, फोटोत येणारं. पुढचं बिचारं कव्हरखाली, ग्रीस आणि चिखलात तोंड लपवून बसलेलं. साहजिकच ज्याला हिमालय जिंकायचाय तो मागचं ४५ दातांचं घेऊन येतो. माझं म्हणणं असं, की या प्रवासाला मागच्याला हात लावायची गरज नाही. पुढचा एक दात कमी करा, तोही मनालीत पोचल्यावर. पंधराचं काढून चौदाचं बसवलं की गुणोत्तर २.५३ वरून २.७१ वर जातं, म्हणजे सुमारे सात टक्के फरक. मागे तेवढाच फरक पाडायला तीन दात वाढवावे लागतात. पुढचा एक दात मागच्या पावणेतीन दातांना भारी पडतो, हे बहुतेक घरांतल्या कारभारासारखंच आहे.

पण मनालीतच का, पुण्यातच का नाही? कारण पुणे ते लेह सुमारे २,४०० किलोमीटर, आणि त्यातले जवळजवळ २,००० मनालीपर्यंतच संपतात. ते सगळे डांबरी, सरळ आणि कंटाळवाणे. तिथे जे इंजिन ५,००० आरपीएमवर गुणगुणलं असतं ते चौदा दातांवर ५,३५७ वर ओरडतं. पुण्यापासून चौदा दात लावून निघालात तर तुम्ही लेहला टेकता तेव्हा इंजिनाने हिशेबाने १७१ किलोमीटर जास्तीचे केलेले असतात. तुम्ही हॉटेलात चहा मागवत असता आणि ते खार्दुंग ला ओलांडून दिस्कितच्या पुढे गेलेलं असतं. शिवाय पेट्रोल. तांदीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशा अर्थाची पाटी प्रसिद्ध आहे, आणि हिमालयनची टाकी १५ लिटरची. मागे ४५ दात लावणाऱ्याचं इंजिन प्रत्येक किलोमीटरला १८ टक्के जास्त फिरतं. त्याने ती पाटी सावकाश, दोनदा वाचावी.

यावर ठरलेला आक्षेप असा की वर हवा विरळ, इंजिनाचा दम जातो, मग जास्त दात नकोत का? दम जातो हे खरंच. टांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास उरतो. साडेचोवीस हॉर्सपॉवरमधले दहाएक घोडे सरळ गवत खायला जातात. पण स्प्रॉकेट घोडे परत आणत नाही. ते फक्त उरलेल्यांना लहान पावलं टाकायला लावतं, आणि सात टक्के लहान पाऊल चाळीस टक्क्यांच्या तुटीची भरपाई करत नाही. मग चौदा तरी कशाला? तर नाल्यांसाठी. दुपारनंतर वरचं बर्फ वितळतं, रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात आणि पाण्याखाली डोक्याएवढे गोटे असतात. तिथे पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, एका लयीत, चालण्याच्या वेगाने निघता आलं पाहिजे. गिअर लांब असला की माणूस अर्धा क्लच धरून बसतो, जळक्या क्लच प्लेटचा वास येतो, आणि मग नाल्याच्या मधोमध गाडी बंद. तो सात टक्क्यांचा फरक नेमका इथे, रोजच्या दहा-पंधरा मिनिटांसाठी लागतो. त्याच नाल्यातून बटाटे आणि गॅस सिलिंडर लादलेला ट्रक येतो. ड्रायव्हर पाणी बघतो, गिअर टाकतो, निघून जातो, आणि पलीकडे थांबून मागच्या मोटरसायकलवाल्याला हाताने वाट दाखवतो. त्याने दातांचा हिशेब कधी कुणाला ऐकवलेला नसतो. अशा वेळी आपल्या सोनेरी स्प्रॉकेटची जरा लाज वाटायला हवी.

मागचंच बदलायचा हट्ट कायम असेल तर खरी आपत्ती पुढे आहे, आणि तिचं नाव चेन. पुढचा एक दात घटवला तर चेन ताणायला मागचा ॲक्सल जेमतेम ४ मिलिमीटर मागे न्यावा लागतो. चेन तीच, काम अर्ध्या तासाचं. मागे सात दात वाढवले तर जुन्या चेनला ॲक्सल सुमारे ३० मिलिमीटर पुढे हवा, आणि तिथे एकतर खाच संपते नाहीतर टायर घासतो. म्हणजे चेन लांब हवी. पण कड्या एकाआड एक, आतली-बाहेरची अशा असतात, त्यामुळे चेन जोडीनेच वाढते. कडीचा पिच १५.८७५ मिलिमीटर, दोन कड्यांनी ॲक्सल १६ मिलिमीटर सरकतो, म्हणजे इथे चार कड्या लागल्या. बाजारात चेन बहुधा १२० कड्यांची येते आणि कापून बसवतात, आणि माणूस उत्साहाच्या भरात आधी कापतो, मग बसवतो. दोन कड्या जास्त कापल्या गेल्या की चेनची दोन टोकं एकमेकांकडे लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारखी बघत राहतात. कापलेला तुकडा परत जोडायचा तर लॉक एक नाही, दोन लागतात, आणि दुसरं लॉक नेहमी पुण्याच्या कपाटात असतं. म्हणून नवी चेन आधी दोन्ही स्प्रॉकेटांवर गुंडाळून, ॲक्सल खाचेच्या पुढच्या बाजूला ठेवून, खूण करावी. क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला. उलटी लावलेली क्लिप एखाद्या दगडाला अडकून उडते आणि सापडत नाही.

चेन ताणतानाही घाई नको. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ होते. हिमालयनचं मागचं सस्पेन्शन १८० मिलिमीटर खेळतं, त्यामुळे रिकाम्या गाडीवर छान वाटलेली चेन सामान आणि आपण बसल्यावर तारेसारखी होते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. ढील या रेषेवर बघावी.

एक दात बरा तर दोन का नकोत, हाही प्रश्न योग्य आहे. स्प्रॉकेट चेनच्या दृष्टीने गोल नसतं, बहुकोन असतं. पंधरा दातांवर चेनचा वेग प्रत्येक दातागणिक सुमारे २.२ टक्के वरखाली होतो, चौदावर २.५, तेरावर २.९, बारावर ३.४. जितके दात कमी तितकी कडी जास्त वाकते, झिजते, आणि चेन स्विंगआर्मच्या रबरावर जास्त घासते. चौदाचा आणखी एक दोष मान्य करतो: दात सम आणि कड्याही सम, त्यामुळे एका दाताच्या वाट्याला कायम एकाच प्रकारची कडी येते आणि झीज सारखी वाटली जात नाही. पंधरावर तसं होत नाही. म्हणूनच चौदा हे मनाली ते लेह आणि परत एवढ्यापुरतं.

राहता राहिली स्थळं. बारालाचा, गाटा लूप्सची २१ वळणं, मोरेचं पठार, सगळं फार सुंदर आहे आणि फोटो सगळ्यांकडे आहेत. खार्दुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, मोजणीत ती उंची १७,५८२ फुटांच्या आसपास निघाली. दाखवायचे दात तिथेही आहेत. चौदाचं स्प्रॉकेट जाकिटाच्या खिशात मावतं, सोबत एक नाही, दोन चेन लॉक ठेवा, आणि उतरताना मनालीत पंधराचं परत बसवा. पुण्यापर्यंतचे २,००० किलोमीटर अजून बाकी असतात.