आरोपीने घडवलेला कायदा

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले (१९२९–२०१४) यांनी भारतीय कायद्याची सेवा दोन प्रकारे केली : आधी वकील म्हणून आणि नंतर आरोपी म्हणून. दुसरी सेवा अधिक मोलाची मानावी लागते. त्यांनी चालवलेला एखादा खटला आज चटकन कुणाच्या तोंडी येत नाही. त्यांच्यावर चाललेल्या खटल्यातून मात्र सर्वोच्च न्यायालयाचे इतके निवाडे निघाले, की ते चाळल्याशिवाय विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याची सुटका नसते.

जन्म कुलाबा जिल्ह्यातल्या आंबेतचा, सावित्रीच्या खाडीकाठचा. शिक्षण मुंबईत आणि मग लंडनच्या लिंकन्स इनमध्ये. त्या काळी कोकणातला माणूस विलायतेहून परतून निवडणुकीला उभा राहिला, की निम्मा प्रचार नावाआधीची चार अक्षरेच करत. नाथ पै यांच्या आधीही ती होतीच. पण नाथ पै समाजवादी निघाले आणि विरोधी बाकांवर शोभून दिसले. अंतुले काँग्रेसमध्ये गेले. १९६२ साली ते श्रीवर्धनहून विधानसभेत पोचले, पुढे मंत्री झाले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालाची चिरफाड करणारे इंग्रजी पुस्तक त्यांनी लिहिले. मुद्देसूद आणि धारदार. सीमाभाग अजून कर्नाटकातच आहे, पण तो पुस्तकाचा दोष नव्हे.

आणीबाणीनंतर इंदिरा गांधी सत्तेबाहेर फेकल्या गेल्या, तेव्हा महाराष्ट्रातल्या बड्या बड्या मराठा पुढाऱ्यांना तत्त्वे आठवली आणि ते दुसऱ्या काँग्रेसमध्ये गेले. अंतुल्यांना तसले काही आठवले नाही. पडत्या काळातल्या या विस्मरणाचे फळ जून १९८० मध्ये मिळाले : पाठीशी ना साखर कारखाना, ना जिल्हा बँक, ना जातीचे संख्याबळ, तरी मुख्यमंत्रिपद. या पदावर बसलेले ते आजवरचे एकमेव मुस्लिम.

कारभाराचा वेग दांडगा होता. मंत्रालयात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात नवा जिल्हा तयार होई. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे दोन एकदमच झाले. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. निराधारांसाठी सुरू केलेली अनुदान योजना तर अजून चालू आहे आणि संजय गांधींचे नाव आज मुख्यतः म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या अर्जांवर टिकून आहे. लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची घोषणाही याच काळातली. नेमकी भवानी कोणती, यावर इतिहासकारांचे एकमत नव्हते. ते व्हायच्या आत घोषणा होऊन गेली. तलवार आली नाही.

अंतुल्यांच्या चरित्रातला मध्यवर्ती पदार्थ मात्र सिमेंट हा आहे. आजच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागते. त्या काळी सिमेंटचा भाव सरकार ठरवी, वाटप सरकार करी आणि टंचाई आपोआप होई. ओटा घालायचा, मोरी बांधायची, तरी अर्ज करायचा, साहेबांची सही मिळवायची, परवाना खिशात घालून डेपोवर जायचे आणि ‘माल आलेला नाही’ हे ऐकून परत यायचे. तिथूनच ट्रक भरून बाहेर पडताना दिसे, तो कुणाच्या तरी चढ्या भावाच्या इमारतीकडे. परवाना हाच खरा माल होता. गोणी ही त्याची पोच.

या परिस्थितीत साहित्य आणि कलेला उत्तेजन देण्यासाठी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ स्थापन झाले. मुंबईच्या बिल्डरांमध्ये कलेविषयी एवढी आस्था दडली होती, हे तोवर कुणाच्या ध्यानात आले नव्हते. देणग्या आल्या आणि सिमेंट गेले. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी हे प्रकरण उघड केले. विशेष म्हणजे देणग्या धनादेशाने होत्या. रोकड घेतली असती तर मागमूस राहिला नसता. बॅरिस्टरांनी कागद ठेवला आणि कागदानेच घात केला. प. बा. सामंत प्रभृती उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निर्वाळा दिला आणि अंतुल्यांचे पद गेले. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. थोडा धीर धरला असता तर प्रकरणाला लागणारी टंचाईच शिल्लक राहिली नसती.

काँग्रेसश्रेष्ठींनी यातून बोध घेऊन मुख्यमंत्रिपदी दुसरी व्यक्ती नेमली. ते बाबासाहेब भोसले. तेही बॅरिस्टर.

इथून अंतुल्यांच्या कायदेसेवेचा दुसरा आणि तेजस्वी कालखंड सुरू होतो. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार केली. आमदार हा लोकसेवक, तेव्हा त्याच्यावर खटला भरायला आधी मंजुरी हवी, असा बचाव झाला आणि विशेष न्यायाधीशांना तो पटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की भारतीय दंडसंहितेच्या व्याख्येप्रमाणे आमदार हा लोकसेवक नाही. मतदारांना याचा अंदाज आधीपासून होता, पण घटनापीठाने शिक्कामोर्तब केल्याने वजन आले. (पुढे १९९८ मध्ये, नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली, न्यायालयाने लोकप्रतिनिधींना लोकसेवक मानले. आमदारांच्या वागण्यात त्याने फरक पडल्याची नोंद नाही.)

याच निकालात न्यायालयाने खटला लवकर संपावा म्हणून तो विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपवला. चार वर्षे तो तिथे चालला. मग २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले, की असे सोपवणेच विशेष न्यायाधीशांविषयीच्या १९५२ च्या कायद्याला धरून नव्हते आणि न्यायालयाच्या चुकीचा फटका कुणाला बसता कामा नये. घाईपायी वेळ गेला तो असा. डिसेंबर १९९१ मध्ये याच प्रकरणात आणखी एक घटनापीठ बसले आणि त्याने जलद खटला हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सविस्तर सांगितले. मात्र खटला किती वर्षांत संपावा याची कालमर्यादा घालून देणे नाकारले. तक्रारीला तोवर नऊ वर्षे उलटून गेली होती. शिक्षा अंतुल्यांना शेवटपर्यंत झाली नाही.

दरम्यान कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत धाडले होते. नरसिंह रावांच्या सरकारात ते आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये नव्यानेच निघालेल्या अल्पसंख्याक खात्याचे पहिले मंत्री. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल शंका काढून त्यांनी स्वपक्षाला घाम फोडला. मग सरकारने खुलासा केला आणि मंत्रिपद राहिले.

जिल्ह्याचे नाव त्यांनी १९८१ मध्ये बदलले, तरी लोकसभा मतदारसंघ पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे ‘कुलाबा’च राहिला आणि त्या नावाने ते निवडून येत गेले. २००९ मध्ये फेररचनेनंतर अखेर रायगड मतदारसंघ अस्तित्वात आला. त्या पहिल्याच निवडणुकीत शिवसेनेच्या अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला. २ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत अंतुल्यांचे निधन झाले.