समन्वयक सर

कॉलेजात प्राध्यापक पुष्कळ असतात, व्याख्यानमालेचा समन्वयक मात्र एकच. हे पद ज्येष्ठतेनं मिळत नाही. स्टाफ मीटिंगमध्ये ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याकडे ते आपोआप चालत येतं. विद्यापीठाचं पत्र येतं : व्याख्यानं घ्यावीत, अहवाल पाठवावा, मूळ पावत्या जोडाव्यात. प्राचार्य त्यावर ‘समन्वयकांनी पाहावे’ असा शेरा मारतात. तिथून पुढे सरांना सगळंच पाहावं लागतं. ऐकायचं तेवढं राहून जातं.

नवापूरचे समन्वयक सर तर इतरांहून जास्त अडचणीत. इथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकाच्या मधोमध राज्याची सीमा आहे. जळगावहून येणारे पाहुणे इंजिनाकडच्या डब्यात बसले, की उतरतात गुजरातेत. सर पुष्पगुच्छ घेऊन धावतात, फोटो निघतो, आणि फोटोखाली मोबाईल छापतो : ‘उच्छल, गुजरात’. आता नॅकच्या फाईलला फोटो लागतो तो अक्षांश-रेखांशासकट. तेव्हा सर पाहुण्यांना नम्रपणे म्हणतात, “सर, जरा शंभर पावलं महाराष्ट्रात येता का? स्वागत पुन्हा करू.” पाहुणे तोच गुच्छ परत देऊन दुसऱ्यांदा स्वीकारतात.

1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून तिथं श्रोते आपल्या पायांनी येतात. इथं ते शिपायाच्या शिट्टीनं येतात. सर एफ.वाय.च्या वर्गात जाऊन विषय सांगतात. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “सर, हे पेपरात येणार का?” सर खोटं बोलत नाहीत. ते म्हणतात, “हजेरी आहे.” एवढ्यावर सभागृह भरतं. पुढच्या तीन रांगा मात्र रिकाम्या राहतात. तिथं प्राध्यापकांना आणून बसवणं विद्यार्थ्यांना आणण्याहून कठीण.

स्टेशनवर घोषणा चार भाषांत होते : मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. सभागृहातल्या पोरांच्या घरी मावची, भिली, कोकणी, अहिराणी बोलतात. आणि पाहुणे ‘उत्तर-आधुनिक संवेदनेचे आयाम’ उलगडतात, त्या भाषेत अद्याप कुठल्याही स्टेशनवर घोषणा होत नाही. मुलं शांत बसतात. पाहुण्यांना वाटतं, सभा जिंकली. सर जाणतात, की सभेचे कान विसरवाडीच्या एसटीकडे लागले आहेत. ती गेली, की पोरींना घरी पोचायला रात्र होते. म्हणून ते चिठ्ठी पाठवतात : ‘वेळ संपत आली.’ पाहुणे ती वाचून चष्मा पुसतात आणि म्हणतात, “आता मुख्य मुद्द्याकडे येतो.”

हा मुख्य मुद्दा सरांनी आजवर कधीच ऐकलेला नाही. त्या वेळी ते माईकवाल्याशी भांडत असतात, चहात साखर किती ते पाहत असतात, नाहीतर मानधनाच्या पावतीवर लावायला रेव्हेन्यू स्टॅम्प शोधत असतात. तरी आभार मानायला तेच उभे राहतात. “सरांनी ओघवत्या शैलीत अत्यंत मौलिक मार्गदर्शन केलं,” हे त्यांचं वाक्य ग्राहक संरक्षणाला चालतं, संत साहित्याला चालतं, सर्पदंशालाही चालतं. टाळ्या मात्र त्यालाच जास्त पडतात, कारण ते शेवटचं असतं.

अहवालात सर लिहितात, ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ हा अहवाल ज्या विद्यापीठाला जातो, ते 1990 साली पुण्याहून वेगळं होऊन जळगावला उभं राहिलं आणि 2018 साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जे ऐकलं-पाहिलं, त्यातून त्यांची कविता झाली. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात कुणी किती ऐकलं हे सह्या मोजून ठरतं. पण म्हणून सरांना हसण्यात अर्थ नाही. कागदाची ही मागणी त्यांची नव्हे. ते नसते तर या सीमेवरच्या गावात बाहेरचा माणूस बोलायला आलाच नसता. मागच्या रांगेतली एखादी मुलगी एसटी चुकवून प्रश्न विचारायला थांबते आणि मग सर तिला घरी पोचवण्याची सोयही बघतात. ती नोंद मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

निरोपाला शाल-श्रीफळाबरोबर सर नवापूरची तूरडाळ देतात, स्वतःच्या खिशातून. तिची पावती ते कधी जोडत नाहीत.

तेव्हा व्याख्यात्यांनो, नवापूरचं बोलावणं आलं तर मागच्या डब्यात बसा, मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगा आणि चाळीस मिनिटांत आटपा. आभार तर सर मानणारच आहेत; या खेपेला ते मनापासून असतील.